रिकामा रकाना

महिन्याच्या सुरुवातीला सकाळी आल्याआल्या मी आमच्या विद्यापीठाच्या डिजिटल भांडाराचा वापर-अहवाल उघडते. खाली वाचनकक्षात तेव्हा केर निघत असतो, वर्तमानपत्रं दांड्यांना लावली जात असतात आणि अभ्यासिकेतली मुलं पंख्याखालची जागा धरायला बॅगा ठेवून चहाला गेलेली असतात. पडद्यावर निळ्या उभ्या पट्ट्या एकेक करून वर येतात. त्यांच्या खाली यादी असते: या महिन्यात सर्वाधिक पाहिलेले प्रबंध, सर्वाधिक उतरवून घेतलेली पुस्तकं, कोणत्या देशातून, कोणत्या शहरातून. मी ही यादी वरून खाली सावकाश वाचते. ते कामाचंच आहे, पण कामापलीकडेही त्यात काही आहे. ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाला वाचक दिसावा लागतो. भांडाराचा वाचक दिसत नाही. तो रात्री येतो, परगावाहून येतो, दार न वाजवता येतो आणि हवं ते घेऊन जातो. तो येऊन गेल्याची खूण तेवढी त्या पट्ट्यांतच असते.

कधीकधी पट्ट्या येत नाहीत. त्या जागी एक लाल ओळ येते: अहवाल तयार करताना डेटाबेसमध्ये त्रुटी आली.

पूर्वी वाचक येऊन गेल्याची खूण शाईची असे. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली असे, तिच्यावर परतीच्या तारखांचे शिक्के. जांभळी शाई, फिरत्या आकड्यांचा रबरी शिक्का. घाईत मारलेला तिरपा, निवांत मारलेला सरळ. ग्रंथालयशास्त्राचं शिक्षण घेत असताना मला पुस्तकांपेक्षा या चिठ्ठ्या वाचायचा नाद लागला होता. एखादं पुस्तक एका उन्हाळ्यात सारखं हातोहात फिरलेलं दिसे आणि मग कित्येक वर्षं एकही शिक्का नसे. मग अचानक एक. त्या एकट्या शिक्क्याकडे मी फार वेळ पाहत बसे. इतक्या वर्षांनी या पुस्तकाशी कुणाचं काय काम निघालं असेल? चिठ्ठी भरली की नवी चिकटवत, पण जुनी फाडून टाकत नसत; तिच्यावरच चिकटवत. बोटांना ती जाडी लागे. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यांत पुस्तक आणि वाचक यांची गाठ पडणं हाच गाभा आहे. अशा गाठी पडल्याचा पुरावा ती जाडी होती.

आता ती जाडी सर्व्हरवर साठते. आमचं भांडार डीस्पेसवर चालतं. एमआयटीची ग्रंथालयं आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी मिळून २००२ साली ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली आणि भारतातल्या कितीतरी संस्थांनी ती घेतली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं शोधगंगा हे प्रबंधांचं भांडार तिच्यावर उभं आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयानं आपली जुनी, दुर्मीळ पुस्तकं तिच्यातूनच जगापुढे ठेवली. या प्रणालीत एखाद्यानं प्रबंध उघडला की एक छोटी नोंद होते: कोणती वस्तू, किती वाजता, कुठल्या पत्त्यावरून, कोणत्या ब्राउझरनं. गंमत अशी, की ही नोंद आणि प्रबंधाचं नाव एका जागी राहत नाहीत. नाव, लेखक, मार्गदर्शक, वर्ष हे सगळं पोस्टग्रेसच्या डेटाबेसमध्ये असतं आणि वाचकांच्या येण्याजाण्याची नोंद सोलर नावाच्या वेगळ्या कोठारात असते. तिथे नाव नसतं, फक्त एक ओळखक्रमांक असतो. अहवाल म्हणजे या दोघांची भेट. एक सांगतो, अमुक क्रमांक इतक्या वेळा उघडला; दुसरा सांगतो, अमुक क्रमांकाचा प्रबंध हा.

बहुतेक बिघाड या भेटीच्या जागीच होतात. २०१६ साली डीस्पेसची सहावी आवृत्ती आली, तेव्हा साध्या आकडी क्रमांकांच्या जागी लांबलचक नवे ओळखक्रमांक आले. डेटाबेसमधले बदलले, सोलरमधल्या जुन्या नोंदी वेगळी आज्ञा चालवून बदलाव्या लागत. ज्या नोंदींचा मूळ प्रबंध सापडेना, त्यांच्या पुढे ‘स्थलांतर झालं नाही’ अशा अर्थाचं शेपूट लागून त्या तशाच राहिल्या. अजून कधीकधी जुन्या वर्षांच्या अहवालात आकडा असतो आणि नावाची जागा कोरी असते. कुणीतरी, कधीतरी, काहीतरी वाचलं होतं. काय, ते आता सांगता येत नाही. असा आकडा मी पुसत नाही. यादीच्या तळाशी ‘शीर्षक उपलब्ध नाही’ असं लिहून त्याला जागा देते.

तर ती लाल ओळ. पावसाळा नुकता संपला होता. ग्रंथालयातला आमचा तरुण सहायक जिना चढून आला आणि दारातूनच म्हणाला, “मॅडम, या महिन्याचा रिपोर्ट येतच नाहीये. रीस्टार्ट केलं तरी तेच.” रीस्टार्ट हा आमच्याकडे पहिला उपचार असतो. बऱ्याचदा गुण येतो आणि त्यामुळेच रोग कळायचा राहतो. या वेळी गुण आला नाही, हे एका परीनं बरंच झालं.

लॉग उघडला. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. तो जे करतो आणि त्याला जे करता येत नाही ते सगळं त्यात वेळेसकट उतरत जातं. शेवटाकडून पाहिलं तर एकच वाक्य पानंच्या पानं भरून राहिलेलं: चालू व्यवहार रद्द झाला आहे, तो संपेपर्यंत पुढच्या आज्ञा विचारात घेतल्या जाणार नाहीत. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ असतं आणि त्यातून काहीही कळत नसतं. ते कारण सांगत नाही, फक्त परिणाम सांगतं. कामांची एक साखळी बांधलेली असते. तीतली एक कडी तुटली की डेटाबेस उरलेल्या सगळ्या कड्यांना तेच उत्तर देत सुटतो. खरं काय झालं ते एकदाच लिहिलेलं असतं, या सगळ्या रडारडीच्या आधी, आणि तिथपर्यंत वर जावं लागतं. वर जाण्याचा कंटाळा फार जणांना असतो. शेवटची ओळ इंटरनेटवर शोधायची, तिथे सापडलेली आज्ञा चिकटवायची, नशिबावर सोडायचं. मी सहायकाला शेजारी बसवलं आणि म्हटलं, “पहिली चूक शोध. शेवटची नको.” तो माउसचं चाक फिरवत वर वर गेला. बराच वेळ गेला. मग थांबला.

एकच वेगळी ओळ होती. यूटीएफ-८ या लिपीसंकेतात न बसणारी बाइटची मालिका, असा तिचा अर्थ. आणि पुढे पुरावा म्हणून दोन बाइट दिलेले. फक्त दोन.

ते दोन बाइट पाहताच मला कळलं, की हे देवनागरी आहे. या संकेतात रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना वेगळा, वेलांटी वेगळी, प्रत्येकी तीन. ‘वीरगळ’ हा चार अक्षरांचा शब्द पंधरा बाइट घेतो. तिसरा बाइट नसेल तर अक्षर पुरं होत नाही. म्हणजे इथे कुणीतरी मराठी अक्षराचा मधूनच लचका तोडला होता.

तोडणारी होती आमची एक जुनी स्क्रिप्ट, कुणीतरी फार पूर्वी लिहून ठेवलेली. महिन्याच्या शेवटी ती सर्वाधिक वाचलेल्या प्रबंधांची नावं घेते, प्रत्येक नाव पहिल्या दोनशे बाइटांवर कापते आणि सारांशाच्या टेबलात नेऊन ठेवते. लिहिणाऱ्याच्या मनात इंग्रजी शीर्षकं होती. इंग्रजी शीर्षक कुठेही कापलं तरी अक्षर शाबूत राहतं, फार तर शब्द अर्धा होतो. मराठीत दोनशे बाइट म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम सत्तरेक चिन्हं, आणि आमच्याकडच्या प्रबंधांची नावं तुम्हाला ठाऊकच आहेत. कालखंड, प्रदेश, विशेष संदर्भ, आणि सगळ्यात शेवटी ‘एक चिकित्सक अभ्यास’. सत्तर चिन्हांत आपण अजून कालखंडातच असतो. मग पातं कधी दोन अक्षरांच्या मधल्या फटीत पडायचं आणि निभावून जायचं; कधी अक्षराच्या ऐन पोटात.

यूटीएफ-८ची जन्मकथा मला फार आवडते. १९९२च्या सप्टेंबरात केन थॉम्प्सन आणि रॉब पाईक न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये जेवत होते, तिथे ताटाखालच्या कागदावर थॉम्प्सननं ही रचना मांडली. तिची खुबी अशी, की प्रत्येक बाइट स्वतःविषयी सांगतो: मी अक्षराची सुरुवात आहे, किंवा मी कुणाच्या तरी मागून आलेला आहे. त्यामुळे अक्षर तुटलं तर ते झाकून राहत नाही. पोस्टग्रेसनं तो तुकडा टेबलात घ्यायला नकार दिला, आणि नकार दिला हे चांगलं केलं. आधीच्या एका प्रणालीत आमची मराठी शीर्षकं मुकाट्यानं प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन बसली होती. कुणालाही त्रुटी दिसली नव्हती आणि नावं कायमची गेली होती. काम अडवून ठेवणाऱ्या लाल ओळीविषयी तेव्हापासून माझ्या मनात राग नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. स्क्रिप्ट इतकी वर्षं चालत होती. मग याच महिन्यात का अडली? सहायकानं विचारलं आणि आम्ही दोघं शोधत गेलो. सर्वाधिक वाचलेल्यांच्या त्या यादीत तोवर बहुतेक इंग्रजी प्रबंधच असत: औषधनिर्माण, व्यवस्थापन, संगणक. मराठी आलंच तर आखूड नावाचं, नाहीतर नशिबानं नीट कापलं गेलेलं. या महिन्यात पहिल्यांदा लांब नावाचा एक मराठी प्रबंध वर चढून आला होता. एका जिल्ह्यातल्या वीरगळांवरचा. त्याच्या नावापाशी स्क्रिप्ट कोलमडली.

म्हणजे जी आम्ही त्रुटी समजत होतो, ती खरं तर वार्ता होती. इतके वाचक एका मराठी प्रबंधाकडे आले, की आमची मोजण्याची सोय अपुरी पडली. ती सोय उभी करताना मराठी शीर्षक या यादीत येईल, हे कुणाच्या मनातच आलं नसावं. मला त्या दुपारी आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. आपल्या भाषेत वाचलं जातं यावर आपल्याच व्यवस्थेचा विश्वास नव्हता.

मी तो प्रबंध उघडून पाहिला. टंकलिखित प्रत, स्कॅन केलेली. वीरगळांची कृष्णधवल छायाचित्रं, काही वाकडी घेतलेली, एकात शेतकऱ्याचा हात दगडावरची माती पुसताना आलेला. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, वरच्या चौकटीत त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. संशोधकानं गावोगाव फिरून प्रत्येक दगड कुठे उभा आहे ते लिहिलं होतं: पाणवठ्याशी, मारुतीच्या मागे, कुणाच्या तरी गोठ्याच्या भिंतीत. त्यातले कितीक आता रस्त्याखाली गेले असतील. एकाएकी इतक्या जणांना हे का वाचावंसं वाटलं, ते अहवाल सांगत नाही. शहरांची नावं होती, त्यांत त्याच जिल्ह्यातली तालुक्याची गावं बरीच होती. एवढंच. आणि मला तेवढं पुरेसं वाटलं.

इथे मी जरा थांबते, कारण या कामात एक मर्यादा पाळावी लागते. लॉगमध्ये वाचकाचा पत्ता असतो, वेळ असते, त्यानं आधी काय पाहिलं आणि मग काय पाहिलं तेही असतं. मनात आणलं तर एखाद्या वाचकाच्या मागे चालत जाता येईल. मी जात नाही. कोण कोणतं पुस्तक नेतं हे ग्रंथालयानं चारचौघांत बोलायचं नसतं, हा जुन्या ग्रंथपालांचा दंडक होता. तो सर्व्हरलाही लागू आहे. वाचक मोजावा, न्याहाळू नये.

मोजण्यातही कितीतरी फसव्या जागा आहेत. सोलर वेळ लिहितं ती जागतिक प्रमाणवेळेनं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यामुळे एक तारखेच्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आपल्याकडे जे वाचलं गेलं, ते अहवालात मागच्या महिन्यात जाऊन बसतं. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजता जागणाऱ्या मुलीचं वाचन मेच्या खात्यावर, जरी तिच्या भिंतीवरचं कॅलेंडर जून दाखवत असलं तरी. कधी सर्व्हरच्या पुढे नवा प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, बसवला जातो आणि तसं प्रणालीला सांगायचं राहतं. मग सगळं जग एकाच पत्त्यावरून येऊ लागतं, आणि कोल्हापूर, नागपूर, टोरोंटो इथले वाचक मिळून एक माणूस होतात. कधी पोस्टग्रेस म्हणतं, जोडण्या संपल्या. मुळात ते शंभर जोडण्यांवर बेतलेलं असतं आणि कुणीतरी त्या अडवून बसलेलं असतं. हल्ली हे अडवून बसणारं बहुतेक वेळा माणूस नसतं.

यंत्रं भांडारात पहिल्यापासून येतात. शोधयंत्रांचे बॉट आले नाहीत तर आमचे प्रबंध कुणाला सापडणारच नाहीत. ते आपलं नाव सांगून येतात, त्यामुळे गणतीतून त्यांना वगळता येतं. गेल्या काही वर्षांत भाषेची मॉडेल्स शिकवण्यासाठी मजकूर गोळा करणारी यंत्रं येऊ लागली आहेत आणि त्यांतली पुष्कळशी साध्या ब्राउझरचा वेश घेऊन येतात. ती रात्रभर एकेक पान उघडत जातात, सर्व्हर धापा टाकतो, आणि सकाळी आलेख आभाळाला टेकलेला असतो. बैठकीत असा आलेख दाखवायला कुणालाही आवडेल. काउंटर या आंतरराष्ट्रीय संहितेचा साधा नियम आहे: एकाच वाचकानं तीस सेकंदांच्या आत एकच फाइल दोनदा उघडली तर ती एकदाच मोजायची, आणि यंत्रांचं येणं मोजायचंच नाही. नियम लावला की आभाळाला टेकलेला आलेख खाली येतो. कधी फारच खाली येतो.

एक निवृत्त प्राध्यापक अधूनमधून आमच्याकडे येत. जात्यावरच्या ओव्यांवर त्यांनी ऐंशीच्या दशकात प्रबंध लिहिला होता. ज्या बायकांनी त्यांना ओव्या सांगितल्या त्यांची नावं त्यांनी परिशिष्टात गावासकट दिली होती. टंकलेखनात नीट न उमटलेली जोडाक्षरं नंतर काळ्या शाईच्या पेनानं भरली होती. ते आले की पिशवी मांडीवर ठेवून बसत आणि थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारत, “मॅडम, आमच्या प्रबंधाकडे कुणी फिरकतं का हो?” मी आकडा सांगे. एकदा आम्ही यंत्रांची नोंद निपटून काढल्यावर तो आकडा पुष्कळच उतरला होता. मी त्यांना का उतरला ते सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, “यंत्रं राहू द्या. माणसं किती, तेवढंच सांगा.” मी उरलेला आकडा सांगितला. त्यांनी तो खिशातल्या छोट्या वहीत तारीख घालून लिहून घेतला. “इतक्या जणांनी त्या बायकांची नावं वाचली असतील,” ते म्हणाले. स्वतःचं नाव वाचलं असेल, असं म्हणाले नाहीत.

तेव्हापासून वापराची आकडेवारी ही कचेरीची कटकट आहे असं माझ्यासमोर कुणी म्हटलं, तर मी ते ऐकून घेत नाही. आकडा खोटा फुगला तर तो त्या वहीत खोटा जातो.

आता एका जूनविषयी. मागच्या वर्षी जूनमध्ये सर्व्हरची सोलर असलेली डिस्क भरली. टॉमकॅट या वेब-सर्व्हरचा एक लॉग वाढत वाढत सगळी जागा खाऊन बसला होता. वेबसाइट चालू होती, प्रबंध उघडत होते, वाचक येत होते. फक्त सोलरला त्यांची नोंद लिहायला जागा नव्हती. वापरणाऱ्याला काही जाणवलं नाही, म्हणून आम्हालाही उशिरा कळलं. जागा मोकळी केली, नोंदी पुन्हा सुरू झाल्या, अहवाल विनातक्रार यायला लागला. त्या अहवालात जूनच्या बऱ्याचशा दिवसांपुढे शून्य होतं.

सगळ्या त्रुटींमध्ये मला ही सर्वांत वाईट वाटते, कारण ती त्रुटीसारखी दिसत नाही. लाल ओळ निदान ओरडते. शून्य गप्प बसून उत्तर देतं: कुणी आलं नाही. डेटाबेसमध्ये शून्य आणि रिकामी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य हे मोजून आलेलं उत्तर असतं, रिकामी जागा म्हणजे मोजलंच गेलं नाही. आमच्या आलेख काढणाऱ्या प्रोग्रामला हा फरक कळत नाही. तो दोन्हींची पट्टी जमिनीलाच टेकवतो. ज्या वाचकांनी त्या दिवसांत रात्री जागून काही वाचलं, त्यांना ‘तुम्ही आलाच नव्हतात’ असं सांगणारं ते शून्य होतं.

डीस्पेसमध्ये जुन्या लॉगवरून नोंदी पुन्हा उभ्या करण्याची सोय आहे. लॉग रूपांतरित करायचा, मग सोलरमध्ये भरायचा. ज्या दिवसांचे लॉग हाती लागले, ते दिवस सहायकानं मन लावून भरून काढले. एकेका दिवसाचं शून्य जाऊन तिथे आकडा आला, की तो मला हाक मारून दाखवी. पण मधल्या दिवसांचे लॉग नव्हते. जुने लॉग ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसले जातात, आणि आम्हाला कळेपर्यंत मुदत उलटली होती.

वार्षिक अहवालाची आणि नॅकच्या मूल्यांकनाच्या कागदपत्रांची वेळ आली. तक्त्यातला रकाना रिकामा चालत नाही, असा निरोप आला. त्याच्या आदल्या वर्षीच्या जूनचा आकडा घ्या; किंवा मे आणि जुलैची सरासरी काढा; एवढंसं तर आहे. सुचवणारी माणसं वाईट नव्हती, त्यांना काम संपवायचं होतं. सरासरीचा आकडा खऱ्याच्या अगदी जवळही गेला असता. तरी तो वाचकांचा आकडा झाला नसता, माझ्या अंदाजाचा झाला असता, आणि एकदा तक्त्यात बसला की दोन्हींत फरक करायला पुढे कुणाजवळ काहीच उरलं नसतं. ग्रंथपाल सरांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. तक्त्यात त्या दिवसांची जागा रिकामी राहिली, महिन्याच्या एकुणापुढे चांदणी आली आणि तळटीप दिली: साठवणुकीची जागा संपल्यानं या दिवसांची नोंद झालेली नाही, वाचन झालं आहे. शेवटचे तीन शब्द सरांनी स्वतःच्या हातानं घातले.

महाराष्ट्रात आता कितीतरी महाविद्यालयांची आणि वस्तुसंग्रहांची स्वतःची भांडारं उभी राहिली आहेत. ती सांभाळणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या सर्व्हरवरचे लॉग किती दिवसांनी पुसले जातात, ते आजच पाहून घ्या. कुठे चौदा दिवस असतात, कुठे चार आठवडे. ही मुदत बहुधा तुम्ही ठरवलेली नसते, प्रणालीबरोबर आलेली असते, आणि ती वाढवायला फाइलमधला एक आकडा बदलावा लागतो.